आमचं देऊळ कसं उभं राहिलं

माझ्या बांगड्या देवळाला गेल्या, हे मला भर उपासनेत कळलं. लग्न होऊन पिंपरीला येऊन जेमतेम महिना झाला होता. बायकांच्या बाजूला सतरंजीवर सासूबाईंच्या शेजारी मी बसले होते. पाळकांचा उपदेश संपला तसे माझे सासरे उठून पुढे गेले. त्यांना मी मामंजी म्हणत असे. पांढरा ड्रिलचा कोट, टोपी काखेत, आणि घसा साफ करायची एक ठरलेली पद्धत. ते म्हणाले की नव्या देवळासाठी पहिलं दान कारभाऱ्याच्या घरातूनच यायला हवं. म्हणून त्यांची सून आपल्या माहेरच्या सोन्याच्या बांगड्या आनंदाने देत आहे.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच तळवा पुढे केला. एक बांगडी निघाली. दुसरी अंगठ्यापाशी अडली, तेव्हा त्यांनी ती ओढून काढली आणि तिच्याबरोबर थोडं कातडंही आलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "हस." मी हसले. माझे यजमान पुरुषांच्या बाजूला खाली मान घालून गाण्याचं पुस्तक चाळत होते. बांगड्या ताटात पडल्याचा आवाज झाला आणि मंडळींनी गीत सुरू केलं.

आमच्या ख्रिस्ती लोकांत तेव्हा चर्चला देऊळच म्हणायचे. आमच्या मंडळीला देऊळ नव्हतं, रेल्वेच्या रुळांजवळ भाड्याने घेतलेली पत्र्याची वखार होती. गाडी गेली की पाळक मधेच थांबत, आणि ती लांब गेली की तुटलेलं वाक्य पुन्हा उचलत. आम्ही बहुतेक सगळे नगरकडचे. कुणी लष्कराच्या डेपोत हमाल होते, कुणी रेल्वेत, आणि सरकारने नुकत्याच काढलेल्या औषधांच्या कारखान्यात काही जण नव्याने लागले होते. मामंजी डेपोत स्टोअरकीपर होते. मिशनच्या शाळेत शिकलेले, इंग्रजीत अर्ज लिहू शकणारे मंडळीत ते एकटेच. त्यामुळे पाळक जरी उपदेश करत असले तरी मंडळी चालवत मामंजी.

मिशनचे गोरे साहेब एक-दोन वर्षांत कायमचे मायदेशी जाणार होते. जाण्याआधी त्यांनी निर्वासितांच्या छावणीपलीकडची एक खडकाळ जागा मंडळीच्या नावे केली. वर सांगितलं की तुम्ही वर्षभरात जेवढी रक्कम उभी कराल तेवढीच मिशन घालेल. तेव्हापासून मामंजींना दुसरं काही सुचेना. ते वाईट चालीचे नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. दारू नाही, लाच नाही, देवळाच्या पैशातला एक आणा त्यांनी घरात येऊ दिला नाही. पण त्यांना देऊळ हवं होतं, आणि ज्याला एखादी गोष्ट इतकी हवी असते त्याला माणसं विटांसारखी दिसायला लागतात.

त्यांची एक रीत होती. उपासना संपली की ते वर्गणीचा आकडा कबूल केलेल्यांची नावं वाचत. ज्याची वर्गणी राहिली असेल त्याने उभं राहायचं आणि सगळी नावं होईपर्यंत बसायचं नाही. पहिल्या आठवड्यात लोक कसनुसे हसले. पुढे कुणी हसेना. पोरंबाळं बघत असायची. एक म्हातारा हमाल होता, त्याचे गुडघे गेले होते. तो भिंतीला धरून उभा राहायचा. पाळकांनी एकदा दबकत सुचवलं की म्हाताऱ्याला बसू द्यावं. मामंजी म्हणाले, "बसू दे की. आज देऊन बसू दे." पाळकांचा पगार मामंजींच्या हातून निघायचा.

बायकांसाठी मूठदाण्याची रीत होती. रोज स्वयंपाक करताना एक मूठ धान्य देवाच्या डब्यात टाकायचं. शनिवारी आम्ही दोघी-तिघी घरोघर जाऊन ते गोळा करत असू, आणि रविवारी त्याची विक्री होई. या कामात माझ्या जोडीला एक बाई होती. देहूरोडला लष्करातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर ती आया होती. सगळे तिला आयाबाईच म्हणत. चाकणच्या पुढच्या एका खेड्यातली, उंच, काळीसावळी, चालताना दमून न जाणारी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. मूलबाळ नव्हतं. माझ्या अंगठ्यावरची जखम बघून तिने पहिल्याच शनिवारी विचारलं होतं, "सोनं घासून उतरवलं का ओढून?" मी म्हटलं, ओढून. ती म्हणाली, "मग खपली धरंल पण वण ऱ्हाईल." एवढंच. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

तिचा नवरा मंडळीतला गाणारा. ढोलकी घेऊन बसला की वखारीतले लोक डुलायचे म्हणे. मी आले तोवर त्याने गाणं सोडलं होतं. मामंजींनी पहिल्यांदा वर्गणीचे आकडे विचारले तेव्हा तो भजनाच्या भरात होता, आणि त्याने मोठा आकडा बोलून टाकला. हमालाच्या पगारात न बसणारा आकडा. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. आयाबाई लोकांना सांगायची की दमा आहे.

तो दमा नव्हता हे मला त्यांच्या घरी गेल्यावर लगेच कळलं. त्याचं ताट, पेला, चादर वेगळी होती, आणि मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच तो भिंतीकडे तोंड करून बसला. पुण्याहून इंजेक्शनं आणावी लागत होती. ती महाग होती. आयाबाईचा अर्धाअधिक पगार त्यात जाई. पण डॉक्टर म्हणाले होते की खंड पडला नाही तर माणूस उठेल, आणि तो उठतही होता. त्याच्या गालावर थोडं मांस आलं होतं. ही गोष्ट बाहेर फुटू देणं तिला परवडणारं नव्हतं. बंगल्यावर साहेबाची दोन लहान मुलं ती सांभाळत होती. घरात क्षय आहे म्हटल्यावर तिला कुणी तिथे ठेवलं नसतं.

पण दर रविवारी नवऱ्याच्या नावाने तिला उभं राहावं लागे. तेव्हा एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली आणि मामंजींना एकटीने भेटू द्या म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते. मधे नुसतं गोणपाटाचं पार्टिशन होतं. तिने सगळं खरं सांगितलं. दमा नव्हे, क्षय. इंजेक्शनं अजून काही महिने लागतील. तोवर वर्गणीला सवड द्या, मग मी पै पै फेडते, आणि हे कुणाला सांगू नका. मामंजींनी नीट ऐकून घेतलं. रोग कधीपासून, कुठल्या दवाखान्यात, सगळं विचारलं. मग म्हणाले, "बघू. देव बघेल." ती जाताना त्यांच्या पाया पडली. आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत. मामंजींनी तिला अडवलं नाही.

पुढच्या रविवारी तिचं नाव वाचलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिला वाटलं, सुटले. शनिवारी धान्य गोळा करताना ती मला म्हणाली की मामांचं तोंड कडू हाय पण काळीज बरं हाय. मला तिचं म्हणणं खरं वाटलं, कारण मलाही त्या घरात राहायचं होतं.

मग हंगामाचा सण आला. पिकं निघाली की आमच्या मंडळ्यांमध्ये हा सण होतो. ज्याने त्याने आपल्या घरचं काही आणायचं. भोपळा, कणसं, गूळ, अंडी, लोणच्याची बरणी, भरतकामाचा रुमाल. उपासनेनंतर त्याचा लिलाव. खरं तर वर्षातला सगळ्यांत गमतीचा दिवस. एखादं अंडं घेणारा ते लगेच पुन्हा लिलावात देतो, दुसरा घेऊन पुन्हा देतो. असं करत करत एका अंड्याला गाईची किंमत येते आणि शेवटी ते पाळकांच्या घरी जातं. त्या वर्षी मामंजींनी सणाची मोठी तयारी केली होती. वखारीबाहेर मांडव, चाकणच्या बाजारातून मंडळीतल्या एकाने आणलेली कांद्यांची पोती, छावणीतल्या लाकूडवाल्या सिंधी व्यापाऱ्यालाही बोलावणं. मिशनचे साहेब स्वतः येऊन खुर्चीवर बसले होते. वर्ष संपत आलं होतं आणि मामंजींनी देवळासाठी धरलेला आकडा अजून पुरा झाला नव्हता.

लिलाव मामंजी पुकारत होते. त्या दिवशी ते फार छान बोलत होते. कुणाच्या कंजुषीवर कोटी, कुणाच्या मिशीवर कोटी. लोक हसत होते आणि खिशात हात घालत होते. पाळकांच्या बायकोने शिवलेली उशी एका फिटरने दुप्पट किमतीला घेतली, तर मामंजी म्हणाले की आता तरी याला झोप लागेल आणि हा कामावर जागा राहील. साहेबांनाही कुणीतरी भाषांतर करून सांगितलं, तेही हसले.

आयाबाईने कोंबडी आणली होती. तांबडी, तुकतुकीत, पाय सुतळीने बांधलेले. नवऱ्याला रोज अंडं मिळावं म्हणून पाळलेली ती एकच कोंबडी होती. सणाला रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून तिने ती आणली. मामंजींनी कोंबडी हातात घेऊन उंच धरली, वजन बघितलं आणि पुकारा केला. समोरून औषधांच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या एका तरुण माणसाने बोली लावली. चांगली बोली होती. तो आमच्यात नवा होता, त्याला कुणाचं काही माहीत नव्हतं.

मामंजींनी दुसरी बोली मागितली नाही. ते त्याच्याकडे बघून, त्याच हसऱ्या आवाजात म्हणाले, "राव, कोंबडी घेण्याआधी घर विचारून घ्यावं. ही क्षयाच्या घरची आहे."

लोक आधीच्या हसण्यात होते, त्यामुळे काही जण हसलेसुद्धा. मग हसू थांबलं. त्या माणसाचा हात खाली गेला. आयाबाईच्या आजूबाजूला बसलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि बसल्या जागीच सरकल्या. सतरंजीवर तिच्याभोवती रिकामी जागा तयार झाली. मी तिच्यामागे होते. मला हलता येईना, पुढेही नाही आणि मागेही नाही. मामंजी कोंबडी तशीच धरून उभे होते. "कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. "देवाच्या घरासाठी आहे. कुणीच नाही?"

मला अजून वाटतं की ते तिला शिक्षा देत नव्हते. त्यांना माणसं ठाऊक होती. तिच्याकडे इंजेक्शनांचे पैसे आहेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते पैसे कशाने बाहेर येतील हेही.

आयाबाई उभी राहिली. तिने आपल्याच कोंबडीला बोली लावली. तिच्या नवऱ्याने भजनाच्या भरात जो आकडा कबूल केला होता, नेमका तोच. तिने कमरेची चंची सोडली, पुढे जाऊन पैसे ताटात ठेवले आणि मामंजींच्या हातातून कोंबडी घेतली. मामंजी मोठ्याने म्हणाले, "देवाची स्तुती असो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. साहेबांनी डोळे पुसले. त्यानंतर पैशांचा असा काही पूर लोटला की कांद्याची पोती चढ्या भावाने गेली, फाटकी टोपलीसुद्धा विकली गेली. त्या दुपारी आकडा पुरा झाला.

पुढे मी तिला विचारलं होतं की तू असं का केलंस. ती म्हणाली, "माझ्या हातच्या वस्तूला कुनी बोली लावंना. मग म्या लावली. न्हाईतर ती कोंबडी घिऊन मी घरी कशी जानार व्हते?"

बंगल्यावरचा खानसामा आमच्याच मंडळीतला. तो सणाला आला होता. दोन दिवसांत तिचं काम गेलं. मडमेने तिच्या हातात राहिलेला पगार दिला नाही, तो चाकराबरोबर फाटकाबाहेर ठेवून दिला. आयाबाईच्या नेसायच्या साड्या तिथे असायच्या, त्या बागेच्या कोपऱ्यात जाळून टाकल्या. धूर तिने रस्त्यावरून पाहिला.

मग इंजेक्शनं थांबली. मी यजमानांना म्हटलं की मामंजींशी बोला. ते म्हणाले की मी त्यांच्याशी कधीच बोललो नाही, आता काय बोलू. म्हणून मी बोलले. मामंजी जेवत होते. मी वाढता वाढता म्हटलं की सणाला एवढे पैसे जमले, त्यातले थोडे आयाबाईला औषधासाठी द्यावेत, तिचेच तर आहेत. मामंजींनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत. मला समजावून सांगितलं की एकदा देवाला दिलेलं देवाचं होतं, त्याला माणसाने हात लावायचा नसतो. शिवाय बांधकामाचा निधी बांधकामालाच वापरायचा असं मिशनला लिहून दिलं आहे. "तू लहान आहेस," ते म्हणाले, "तुला अजून विश्वासाने राहता येत नाही." सासूबाईंनी त्या दिवसापासून शनिवारचं धान्य गोळा करायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. क्षयाच्या घरी जाऊन आलेले पाय या घरात नकोत, म्हणाल्या. तरी मी पाणी आणायच्या निमित्ताने जात असे. भाकरी न्यायचे, कधी दूध. तेवढ्याने काय होणार होतं? त्याच्या गालावरचं मांस पुन्हा गेलं. कोंबडी तिने त्याच्यासाठी कापली, पण त्याला रस्साही गिळवला नाही.

देऊळ मात्र भराभर उठलं. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि पुढे छोटा मनोरा. मामंजी डेपोतून सुटले की थेट तिथे जात आणि अंधार पडेपर्यंत गवंड्यांच्या मागे उभे राहत. चुना हाताने चोळून बघत. त्यांचे हात फुटले होते. घरी आले की सासूबाई त्यांना खोबरेल लावत. त्यांच्या तोंडावर तेव्हा एवढं सुख असायचं की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

देवळाचं अर्पण एका रविवारी ठरलं. आमच्यात बांधलेल्या इमारतीचं प्रार्थनेने अर्पण होतं, मग ती देऊळ होते. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आयाबाईचा नवरा गेला. उन्हाळ्याचे दिवस, प्रेत ठेवण्यासारखं नव्हतं. वखार तर महिनाअखेर सोडायची म्हणून आधीच रिकामी करून दिली होती. दुपारी चार माणसांनी पेटी उचलली. तेवढी चार मिळवायलाही पाळकांना दारोदार हिंडावं लागलं, आणि त्यातला एक तो कारखान्यातला तरुण होता. ते पेटी घेऊन नव्या देवळापाशी आले. दार बंद होतं. किल्ली मामंजींकडे. ते तिथेच होते. मांडवाचे बांबू कुठे रोवायचे ते दाखवत होते.

मी सासूबाईंना न विचारता गेले होते, म्हणून मला हे सगळं जवळून बघायला मिळालं. पाळक म्हणाले, दार उघडा. मामंजींनी नकाराची मान हलवली. परवा साहेब येणार, पुण्याहून वडीलधारे येणार, आतली फरशी धुऊन काढली आहे. नव्या देवळात पहिलं पाऊल प्रेताचं, आणि तेही अशा रोगाचं, हे ते होऊ देणार नव्हते. पण हे त्यांनी असं सांगितलं नाही. ते म्हणाले की अर्पण झालेलं नाही, तोवर ते देऊळच नव्हे, नुसतं बांधकाम आहे, तिथे अंत्यविधी कसा करणार?

आयाबाई पेटीशेजारी उभी होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "मामा, नुसतं बांधकाम हाय तर मग अडवता कशाला? बांधकामावर गवंडी मरत्यात, गाढवं मरत्यात. देऊळ झाल्यावर न्हाई घ्यायचं म्हनला असता तर मला समजलं असतं."

मामंजींनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि ते बांबूवाल्याकडे निघून गेले. पाळक त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हे काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "इथेच उरकू या. ऊन फार आहे."

उरलेल्या विटांचा ढीग फाटकापाशी होता. त्यावर पेटी ठेवली. पाळकांनी घाईने वाचलं. गाणं म्हणायची वेळ आली तेव्हा कुणी सूर लावीना. गाणारा पेटीत होता. आयाबाईने स्वतःच सुरुवात केली, भसाड्या आवाजात, आणि आम्ही मागून ओढत गेलो. मांडववाले ठोकाठोक करत होते. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नाही.

रविवारी अर्पण झालं. पताका, फुगे, बँड. साहेबांनी फीत कापली. मामंजींच्या गळ्यात एवढे हार पडले की त्यांना खाली बघता येत नव्हतं. आत गार वाटत होतं, नव्या चुन्याचा वास होता, आणि आवाज असा घुमायचा की आपलंच गाणं आपल्याला सुंदर वाटावं. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. आयाबाई आली नव्हती.

मग मामंजी बोलायला उभे राहिले. त्यांनी हिशेब सांगितला, आभार मानले, आणि म्हणाले की देऊळ झालं पण घंटा अजून नाही. घंटेसाठी आज पुन्हा ताट फिरेल. त्याआधी एक साक्ष सांगतो. आणि त्यांनी आयाबाईची गोष्ट सांगितली. आमच्यात एक गरीब बहीण होती, नवरा मरणाला टेकलेला, औषधापुरते पैसे जवळ. तिने ते सगळे आनंदाने देवाच्या घरासाठी दिले. नवऱ्यापेक्षा देव मोठा मानला. परवाच तो भाऊ प्रभूकडे गेला, आणि त्या बहिणीने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. सांगता सांगता मामंजींनी कोटाच्या बाहीने डोळे टिपले. ते नाटक नव्हतं. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. बायका हुंदके देत होत्या. सणाच्या दिवशी ज्या सरकून बसल्या होत्या त्याच. कुणी कानातलं काढलं, कुणी अंगठी. ताट माझ्यापुढे आलं. माझ्या अंगावर देण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण असतं तरी दिलं नसतं. मी ते पुढे सरकवलं. सासूबाईंनी मला भर देवळात कोपराने ढोसलं. मी ताटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आयाबाईकडे गेले. घर धुऊन काढलं होतं, नवऱ्याचं अंथरूण जाळलं होतं. मी तिला काय काय झालं ते सांगितलं, ती साक्षसुद्धा. लपवावं असं वाटलं होतं, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "रडले का लोक?"

मी हो म्हटलं.

"माझ्या दारात कुनी रडाया आलं न्हाई," ती म्हणाली, आणि चुलीतली राख काढायला लागली.

ती गावी परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. कोंबडीला बोली लावणाऱ्या त्या तरुणाने औषधांच्या कारखान्यात बायकांची भरती निघाल्याचं तिला येऊन सांगितलं. छातीची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली, आणि तिला इंजेक्शनच्या बाटल्यांना बुचं लावायच्या खात्यात घेतलं. पांढरा झगा, डोक्याला फडकं. रोज हजारो बाटल्या तिच्या हाताखालून जात. मी एकदा विचारलं की ते काम करताना त्रास होत नाही का. ती म्हणाली की पहिल्या पहिल्यांदा व्हायचा, मग बाटल्या नुसत्या बाटल्या झाल्या.

मामंजींचं काही वाईट झालं नाही. लोकांना वाटतं की अशा माणसाचं शेवटी काहीतरी होतं. ते नव्वदीला टेकेपर्यंत चालते-फिरते राहिले, झोपेत गेले, आणि त्यांच्या अंत्यविधीला देवळात उभं राहायला जागा नव्हती. त्यांचा फोटो अजून पाळकांच्या खोलीत आहे. ती साक्ष त्यांनी पुढे अनेक वर्षं सांगितली. शाळेच्या खोल्यांसाठी सांगितली, कुंपणाच्या भिंतीसाठी सांगितली. दर वेळी आयाबाईचा त्याग थोडा मोठा होई.

अर्पणानंतरच्या वर्षी मला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला मुलाची एक धर्ममाता लागते. मी घरात सांगितलं की ती आयाबाईच असेल. सासूबाईंनी दोन दिवस जेवण टाकलं. मामंजी काही बोलले नाहीत, कारण तोवर आयाबाई ही त्यांची साक्ष झाली होती, आणि तिला ते उघड नाही म्हणू शकत नव्हते. नाही म्हणाली ती आयाबाईच. मी त्या दारातून आत पाऊल टाकणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. त्याला जिथं घेतलं न्हाई तिथं मी जात न्हाई. मी फार विनवलं तेव्हा ती येऊन रस्त्यावर उभी राहायला तयार झाली.

बाप्तिस्मा झाला, धर्ममाता पाळकांची बायको झाली. मी मुलीला घेऊन बाहेर आले. आयाबाई फाटकापलीकडे उन्हात उभी होती, कारखान्याचा झगा घडी करून काखेत, दुपारच्या पाळीला निघालेली. मी मुलगी तिच्याकडे पुढे केली. तिने हात पुढे केले नाहीत. माझ्या मागे दारात बायका उभ्या होत्या आणि त्या बघत होत्या, हे तिने पाहिलं. तिने मुलीकडे लांबूनच बघितलं, बराच वेळ.

"नाक तुझं हाय," ती म्हणाली. "उन्हात धरू नको तिला." आणि पाळीला उशीर होईल म्हणून ती झपाझप चालू लागली.